सहावं कुलूप

आमच्या भावोजींना लोक आता वेडा म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण भावोजींच्या हातात कायम पाना असतो. कागदाच्या गिरणीत बावीस वर्षं फिटर, मग चार महिने मॅनेजर, आणि आता पुन्हा फिटर. वर गेलेला माणूस स्वतःच्या पायांनी जिना उतरून खाली आला, असं आमच्या गिरणीत पहिल्यांदाच घडलं. कुणी म्हणतं वरचं काम झेपलं नाही. कुणी म्हणतं बायकोनं कान भरले. मालकीणबाईंनी हाकललं असंही बोललं जातं, पण बंगल्याची किल्ली भावोजींनीच दुपारी अडीच वाजता त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, हे मी बघितलंय. त्या दिवशीची मोठी ऑर्डर हातची गेली, तेवढं मात्र खरं आहे.

बाकी काय झालं ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी यंत्राच्या पोटात होतो. मी हे लिहितोय म्हणजे वाचलो हे उघड आहे, तेव्हा माझ्यासाठी जीव टांगणीला लावून घेऊ नका. ज्यांचा टांगणीला लागला होता ती माणसं वेगळी आहेत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी एकतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, त्यांच्याच घरी राहतो आणि त्यांच्याच हाताखाली फिटरकी शिकलो. घरात मला 'धाकट्या' म्हणतात. गिरणीत मला चिकटवलं त्यांनीच, त्यामुळे माझ्या प्रत्येक चुकीचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायची तिथं पद्धत आहे. त्यांनी त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही.

आधी ती टाकी समजून घ्या, कारण सगळं तिच्यापाशी घडलं. रद्दीचा लगदा करायची ही टाकी एवढी खोल आहे की दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर डोकं निघणार नाही. तळाशी लोखंडी पात्यांचं चक्र. पाणी सोडायचं, रद्दीचे गठ्ठे टाकायचे, चक्र सुरू करायचं. थोड्या वेळात कागद विरघळून जातो. गठ्ठ्यांना बांधलेल्या तारा मात्र विरघळत नाहीत. त्या चक्राला गुंडाळून बसतात, आणि आठवड्यातून एकदा माणसांना आत उतरून त्या कापून काढाव्या लागतात. चक्राखाली जाळी आहे, जाळीखाली एक बुटकं भुयार. चक्राला फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, त्या भुयारातून जातो. तिथं शिरायचं तर तळघरातलं गोल झाकण उघडून पोटावर सरपटत जावं लागतं. एका वेळी एकच माणूस मावतो, तोही जेवणाआधीचा.

मी कामाला लागायच्या आधी कधीतरी, आत माणूस असताना कुणीतरी बटण दाबलं होतं. तो माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात गेला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत भावोजी होते. दुसऱ्या दिवशी ते पदरमोड करून सहा लाल कुलपं घेऊन आले आणि मेन स्विचला त्यांनी सहा भोकांची एक लोखंडी पट्टी बसवली. जो यंत्रात शिरेल त्यानं आपलं कुलूप पट्टीत अडकवायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. एका कुलपाला एकच किल्ली. सगळी कुलपं निघाल्याशिवाय स्विच हलत नाही. कुणाचं राहिलंच, तर त्या माणसाला समोर उभं करून त्याचं तोंड बघितल्याशिवाय ते कापायचं नाही. आणि प्रत्येक कुलपाला एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर त्या माणसाच्या घरच्यांचा फोटो. "कापायला हात उचलणाऱ्यानं आधी ह्यांच्याकडे बघावं," असं भावोजींचं म्हणणं. सुरुवातीला लोक हसले, त्यांना 'कुलूपवाले' म्हणायला लागले. पुढे गिरणीनंच प्रत्येकाला कुलूप दिलं आणि हा नियम छापून भिंतीवर लावला.

आता किल्ली खिशात घालून सरळ घरी निघून जाणारा महाभाग दर महिन्याला एखादा निघतोच. मग अख्खी शिफ्ट त्याच्या नावानं बोटं मोडत खोळंबते, त्याला घरून बोलावलं जातं, आणि शिक्षा म्हणून तो सगळ्यांना चहा पाजतो. मी दोनदा पाजलाय.

भावोजींच्या कुलपावरचा फोटो मी काढलेला आहे, बढतीच्या महिनाभर आधी. दारात ताई उभी आहे, तिच्यापुढे माझी भाची चिमी, वय सात, तोंडभर हसतेय आणि पुढचे दोन दात गायब. वरच्या कोपऱ्यात एक गुलाबी धूसर गोळा आहे, ते माझं बोट. ताई म्हणाली, दुसरा काढ. भावोजी म्हणाले, "असू दे, तोही घरातलाच आहे."

मग जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि मालकीणबाईंनी भावोजींना वर बोलावलं. चार महिने काम बघा, जमलं तर कायम करू, म्हणाल्या. कायम झाल्यावर गिरणीमागच्या टेकडीवरचा बंगला आणि दाराशी गाडी. बंगल्याची किल्ली तर त्यांनी आधीच देऊन टाकली, घरच्यांना बघून घेऊ दे म्हणून. ताई शिवणकाम करते. तिनं बंगल्याच्या अकरा खिडक्यांची मापं घेतली आणि पडदे शिवायला काढले. खोटं कशाला बोलू, एक खोली मीही मनातल्या मनात धरून ठेवली होती.

भावोजी बदलले असं मी म्हणणार नाही. ते नुसते दिसेनासे झाले. सकाळी आम्ही उठायच्या आत बाहेर, आणि परत येईपर्यंत चिमी झोपलेली. सुट्टीच्या दिवशी बैठका. ताईनं आधी त्यांचं ताट झाकून ठेवलं, मग ताट वाढायचंच बंद केलं. चिमीला काही सांगायचं असलं की ती चिठ्ठी लिहून त्यांच्या बुटात ठेवायची. भावोजी घाईघाईत बूट चढवायचे, आणि ते काढले जायचे तेव्हा चिठ्ठीचा पार लगदा झालेला असायचा. गिरणीत कमी होता म्हणून घरातही, असं ताई म्हणायची. म्हणताना हसायची, पण मला ते हसू बघवायचं नाही. एका घरात राहून मी भावोजींना गिरणीतच जास्त बघायचो, तेही केबिनच्या काचेतून.

त्या दिवशी बारा वाजता मोठं गिऱ्हाईक येणार होतं. तीन पाहुणे, वर्षभर माल उचलणारे. त्यांना यंत्र चालू दाखवायचं आणि फोटोची कुलपंही दाखवायची, असं मालकीणबाईंनी ठरवलं होतं. पाहुणे खूश होऊन गेले की भावोजी कायम, हे त्यांनी सगळ्यांदेखत बोलून दाखवलं होतं.

माझं स्वतःचं कुलूप आदल्या दिवसापासून रद्दी वर नेणाऱ्या पट्ट्यावर अडकलेलं होतं. पट्ट्याचा एक सुटा भाग यायचा होता, तोवर ते काढता येत नव्हतं. सकाळी मी ताईला म्हटलं, आज टाकीत जायची वेळ आली तर माझ्याकडे कुलूपच नाही. तिनं कपाटाचा खण उघडला. "हे घे ह्यांचं. साहेबांना आता कशाला लागतंय!" त्या 'साहेबांना'मध्ये एवढं तिखट होतं की मी कुलूप आणि किल्ली खिशात टाकून गुपचूप निघालो.

सकाळी पाच जण टाकीत उतरले, पाच कुलपं लागली. साडेदहाला ते तारा काढून वर आले आणि हात धुवायला गेले. पण आदल्या दिवशी यंत्र थांबताना शाफ्ट खरखरलेला मी ऐकला होता. जाळीखाली तार राहिली असणार. पाहुण्यांसमोर यंत्र धडधडायला लागलं तर भावोजींची शोभा होणार, म्हणून मला राहवेना. मी पट्टीच्या सहाव्या भोकात भावोजींचं कुलूप अडकवलं, किल्ली खिशात टाकली आणि तळघरात उतरलो.

इथं चूक माझी, ती मी कबूल करतो. भुयारात जाताना झाकणापाशी एक माणूस उभा ठेवायचा असतो, आणि फोरमनला सांगायचं असतं. मी दोन्ही केलं नाही. दहा मिनिटांचं काम, आणि कुलूप तर लावलंय, असा विचार केला. शेजारचा पंप कानठळ्या बसवतो म्हणून कानांत बोळे घातले आणि सरपटत आत शिरलो. तार दहा मिनिटांची नव्हती.

वर ते पाच जण हात धुऊन परत आले आणि आपापली कुलपं काढून घेऊन गेले. सहाव्यावर साहेबांच्या घरचा फोटो दिसला, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. तेवढ्यात सजावटवाले आले. तळघराचा ओला काळा जिना पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी त्याच्यापुढे पुरुषभर उंचीचा एक फलक उभा केला. त्यावर लिहिलं होतं, 'प्रत्येकाची घरी कुणीतरी वाट बघतंय.' फलक उभा करून ते फाटकाशी कमान बांधायला गेले.

ह्यापुढचं मला पाच जणांनी पाच प्रकारे सांगितलंय. सगळ्यांत जुळतं तेवढंच लिहितो.

साडेअकराला मालकीणबाई टाकीच्या मजल्यावर आल्या. बाई वाईट नाहीत. पन्नाशीच्या, भराभर चालणाऱ्या, एक गोष्ट दोनदा सांगायला न आवडणाऱ्या.

"अजून सुरू का नाही?"

फोरमननं पट्टीकडे बोट दाखवलं. "एक कुलूप आहे. साहेबांचं."

भावोजी पुढे आले. इस्त्रीचा सदरा, नवे बूट. त्यांनी कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "माझंच आहे. पण मी लावलेलं नाही."

"मग कुणी लावलं?"

कुणालाच माहीत नव्हतं. फोरमन म्हणाला, "सजावटवाल्यांनी अडकवलं असेल. फोटोची कुलपं नीट दिसली पाहिजेत म्हणून सकाळपासून डोकं खात होते."

सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. तरी भावोजींनी पाचही जणांना समोर उभं करून मोजलं. पाच गेले होते, पाच आले होते. फोरमननं टाकीच्या तोंडाशी जाऊन तीनदा हाक मारली, "आत कुणी आहे का?" वरून दिवा टाकून बघितलं. टाकी रिकामी.

"फिटरपैकी कुणी?" भावोजींनी विचारलं.

"ते पट्ट्यावर आहेत. त्यांचं कुलूप तिथं आहे."

माझं कुलूप खरंच तिथं होतं.

"ह्याची किल्ली?" मालकीणबाई म्हणाल्या.

"घरी असेल. खणात."

"मग कापा."

फोरमन कटर घेऊन आला. लांब दांड्यांचा, दोन्ही हातांनी धरायचा. त्यानं कटरचा जबडा कुलपाच्या कडीवर बसवला आणि भावोजींनी मध्ये हात घातला.

"थांब."

"आता काय?" बाई म्हणाल्या. "नियम तुमचाच ना? ज्याचं कुलूप त्याला समोर उभं करायचं. तुमचं कुलूप आहे आणि तुम्ही समोर उभे आहात."

भावोजी फोटोकडे बघत राहिले. फोरमन सांगतो, एवढा वेळ बघत राहिले की त्याचे हात कटरनं भरून आले. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला करताय?"

"घरी."

"आत्ता?"

"दोन मिनिटं."

बाईंनी आवाज चढवला नाही. "हे बघा, बारा वाजता पाहुणे फाटकात असतील. यंत्राला वेग धरायला पंधरा मिनिटं लागतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. चार महिन्यांत मी तुम्हाला अडखळताना बघितलं नाही. आज अडखळू नका. तुमचं सगळं आजच्यावर आहे."

"माहीत आहे," असं म्हणून भावोजींनी फोन लावला.

पहिल्यांदा तो वाजून वाजून बंद पडला. ताई शिलाई मशीनवर होती, बंगल्याचे पडदे शिवत होती, तिला ऐकू गेला नाही. कडीवर कटर तसाच. फोरमन भावोजींकडे बघतोय, भावोजी फोनकडे, मालकीणबाई घड्याळाकडे. त्यांनी पुन्हा लावला. पंपाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

"आज कसा काय फोन?" ताईचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. "कुणी गेलं का?"

"चिमीचे पुढचे दात आले का गं?"

फोरमनला वाटलं, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

"हे विचारायला फोन केलात?" ताईचा पाराच चढला. "आले! महिना झाला. एक जरा वाकडा आलाय. तिनं बुटात चिठ्ठी ठेवली होती तुमच्या. घरात असता तर दिसले असते की! मी इथं मान मोडून अकरा खिडक्यांचे पडदे शिवतेय, आणि त्या घरात तुम्ही राहणार आहात की नुसता तुमचा फोटो टांगायचाय, ते तरी एकदा सांगून टाका. पोरगी परवा मला विचारते, बाबा आपल्याकडे राहतात ना अजून?"

दहा-बारा माणसं माना खाली घालून ऐकत होती. भावोजींनी स्पीकर बंद केला नाही, तिला थांबवलंही नाही. ती चार महिन्यांचं बोलत होती. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माझं कुलूप कुठंय गं? खणात आहे का बघ."

"बघायचं काय त्यात? सकाळीच धाकट्याला दिलं, किल्लीसकट. त्याचं कुठंतरी अडकलंय. टाकीत जायचं म्हणत होता."

फोरमनच्या हातातून कटर सुटून खाली आदळला. भावोजींनी तळघराच्या जिन्याकडे बघितलं. जिना दिसला नाही, फलक दिसला.

"कसला आवाज झाला? अहो, बोला ना. धाकट्या बरा आहे ना?"

जो पहिला हात पुढे दिसला त्यात भावोजींनी फोन कोंबला आणि ते पळाले. फलक त्यांनी बाजूला केला नाही, लाथेनं आडवा केला. फोन ज्या हातात गेला तो मालकीणबाईंचा होता.

"हॅलो," बाई म्हणाल्या. "मी गिरणीची मालकीण बोलतेय."

"तुम्ही कुणीही असा. माझा भाऊ कुठंय?"

"ते... बघायला गेलेत."

"यंत्र बंद आहे का चालू?"

"बंद आहे. कुलूप माझ्यासमोर आहे."

"मग ते धरून ठेवा," ताई म्हणाली. "माझा भाऊ बाहेर येईपर्यंत सोडू नका."

आणि मालकीणबाईंनी एका हातात फोन अन् दुसऱ्या हातात ते कुलूप घट्ट धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. पाचही जण ह्यात एकमेकांशी जुळतात.

मला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी तारेचा शेवटचा वेढा सोडवत होतो आणि तो सुटेना म्हणून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. तेवढ्यात कुणीतरी माझा घोटा पकडला. मला रागच आला. "कोण आहे रे? पाय सोड!" सोडणं लांबच, तो ओढायला लागला. खरचटत, शिव्या घालत मी पायांकडून बाहेर आलो, आणि बघतो तर भावोजी. इस्त्रीच्या सदऱ्यात, लगद्याच्या पाण्यात गुडघे टेकून बसलेले. मी कानांतले बोळे काढले आणि विचारलं, काय झालं? ते माझा घोटा सोडेनात. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं.

मागून फोरमन जिना उतरून आला. "अरे, वर कुलपाला कटर लावला होता," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मीही भावोजींच्या शेजारी पाण्यात बसलो.

आम्ही वर आलो. मालकीणबाई अजून कुलूप धरूनच उभ्या होत्या. त्यांनी फोन पुढे केला. भावोजी एवढंच म्हणाले, "आहे. माझ्यासमोर उभा आहे."

मग ताई म्हणाली, "दोघंही घरी या. आत्ताच्या आत्ता. मला डोळ्यांनी बघायचंय."

"येतो."

बाराला पाच कमी होते. खाली फाटकात गाड्यांचे हॉर्न वाजले.

"तासाभरानं जा," मालकीणबाई म्हणाल्या. "मला समजतंय सगळं. पण पाहुण्यांना नुसतं भेटून जा. आत्ता तुम्ही निघून गेलात तर मी त्यांना काय सांगू?"

"सांगा, मॅनेजर घरी गेलाय."

"मग तो परत येईल तेव्हा मॅनेजर असेलच, असं मी सांगू शकत नाही."

भावोजी थांबले. मला वाटलं, आता ते राहतात. बंगला, गाडी, ताईचे पडदे, सगळं माझ्याच डोळ्यांसमोरून गेलं, माझ्या खोलीसकट. मी म्हटलंसुद्धा, "भावोजी, मी एकटा जातो. ताईला तोंड दाखवतो. तुम्ही थांबा."

"तिनं दोघांना बोलावलंय," ते म्हणाले आणि चालायला लागले.

पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या आणि आम्ही दोघं गुडघ्यापर्यंत लगद्यानं माखलेले बाहेर पडत होतो. फाटकापाशी भावोजी एकदा थबकले, मागे गिरणीकडे वळून बघितलं. मला वाटलं, पस्तावले. घर पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं. एकतीस वर्षांच्या घोड्याचं मनगट! मी सोडवून घेतलं नाही.

ताई दारातच होती. तिनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग मला मिठी मारली, मग आणखी एक धपाटा घातला. भावोजींकडे बघून म्हणाली, "बूट बाहेर काढा." पण म्हणताना तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून ठेवली होती.

चिमी शाळेतून नुकतीच आली होती. तिनं बापाकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. "बाबा, आज तुम्हाला सुट्टी आहे?"

"दात दाखव बघू."

तिनं ओठ मागे ओढले. भावोजींनी तिची हनुवटी धरली आणि बेअरिंग तपासताना करतात तसे डोळे बारीक करून तो वाकडा दात बघत राहिले. तिचा जबडा दुखायला लागला तरी त्यांचं बघून होईना.

ताईनं पानं वाढली. हात पुसायला मी खिशातून रुमाल काढला आणि त्याच्याबरोबर किल्ली बाहेर आली. कुलूप न काढताच मी घरी आलो होतो! आता माझं तोंड बघितल्याशिवाय ते कुणी कापणार नव्हतं, आज तर मुळीच नव्हतं. म्हणजे यंत्र बंद. पाहुणे टाकीपुढे उभे, आणि स्विचवर ताई, चिमी आणि माझं बोट.

मी किल्ली टेबलावर ठेवली. त्याच क्षणी भावोजींचा फोन वाजायला लागला.

"मी पळत जाऊन काढून येतो," मी उठलो.

"बस खाली."

"अहो भावोजी, पण तुमची नोकरी..."

"मला फाटकापाशीच आठवलं होतं," भावोजी म्हणाले. "जेव."

मी बसलो. फोन वाजतच होता. मग ताईकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते पडदे कापले तर आपल्या खिडक्यांना बसतील का गं?"

ताई हातात डाव धरून तशीच उभी राहिली. तीन आठवडे तिनं त्या पडद्यांपायी डोळे फोडून घेतले होते. आता भडका उडणार असं मला वाटलं, आणि उडाला असता तर मी तिच्याच बाजूनं बोललो असतो.

"आपल्याला चारच खिडक्या आहेत," ती म्हणाली. "सात पडदे उरतील."

"उरू देत."

"आणि हे लांब आहेत. दुमड मोठी घालावी लागेल."

"घाल."

तिनं त्यांच्या ताटात भात वाढला, नको म्हणेपर्यंत वाढला, आणि ते नको म्हणाले नाहीत. फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला. चिमीनं तो उचलून बघितला. "बाबा, गिरणी."

भावोजींनी तिच्या हातातून फोन घेतला, बंद केला, उठून कपाटाच्या खणात कुलपाच्या रिकाम्या जागी ठेवला आणि खण लावून टाकला. मग पुन्हा ताटावर बसले आणि चिमीला म्हणाले, "हं, सांग. दात आला, आणि मग पुढे काय लिहिलं होतंस चिठ्ठीत?"